देवमाशांचं माहेर

मी समुद्र पाहिलेला नाही. अमरावतीत शिकले, अकोल्यात राहते. पाणी म्हणून जे काही पाहिलं ते विहिरीचं, मोटेचं आणि पावसाळ्यात काळी माती घेऊन धावणाऱ्या पूर्णेचं. तरीही दरवर्षी थंडी पडली, अकोल्याच्या बाजारात गवताच्या गादीवर निजवलेल्या संत्र्यांच्या टोपल्या उतरू लागल्या, की मला समुद्र आठवतो. न पाहिलेली गोष्ट ‘आठवते’ म्हणणं बरोबर नाही हे कळतं. पण दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

संत्र्याचं साल सोलताना बोटांवर बारीक तुषार उडतात, डोळे चुरचुरतात, आणि समोर एक उथळ खाडी दिसू लागते. उन्हानं कोमट झालेली, तळाची वाळू दिसेल इतकी नितळ. तिच्यात देवमाशाची एक प्रचंड मादी निवांत तरंगत असते. तिच्या पाठीवर कुबडासारखा उंचवटा असतो, दोन्ही बाजूंना हातांसारखे लांब पांढरे पर असतात, आणि एका पराच्या आडोशाला तिचं पिल्लू असतं. ती काही करत नाही. नुसती असते.

हे चित्र मला शाळेत मिळालं. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि ताई अकरा वर्षांची. आमचे वडील, आबा, सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर. आज इथला पूल, उद्या तिथला रस्ता. त्यांनी मला अमरावतीच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत, बोर्डिंगात ठेवलं. ताई अकोल्याच्या घरी राहिली. मराठी चौथी झाल्यावर तिची शाळा सुटली आणि चूल सुरू झाली. तिनं घर सांभाळलं म्हणून मला इंग्रजी आलं, हा हिशोब आमच्या घरात कोणी कधी बोलून दाखवला नाही. मला मात्र तो रोज ऐकू येत असे.

शाळेत मराठी बोललं की दंड होता. सुट्टीत घरी आल्यावर मी पुस्तकी मराठी बोलले की सगळे हसत. त्यामुळे मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले. कमी बोलणाऱ्या माणसाला दिसतं मात्र खूप.

आमच्या भूगोलाच्या मिस लहानपणी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहिलेल्या. त्यांच्या घरामागं टेकडी होती. तिथं बसून त्या देवमाशांची वाट पाहत. इंग्रजीत त्या जातीला हंपबॅक म्हणतात. दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात हे देवमासे उन्हाळाभर खातात, अंगावर चरबी चढवतात आणि हिवाळा आला की उत्तरेकडे निघतात. आठवडेच्या आठवडे पोहतात. मिसनी भिंतीवरच्या नकाशात बर्फापासून आफ्रिकेच्या काठापर्यंत खडूनं एक रेघ ओढली. आम्ही तोवर नकाशात जमिनीच पाठ केल्या होत्या. निळ्या भागात काही घडत असेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

‘‘तिथं खायला जास्त मिळतं म्हणून येतात का?’’ कोणीतरी विचारलं.

‘‘उलट,’’ मिस म्हणाल्या, ‘‘तिथं त्यांना खायला जवळजवळ काहीच मिळत नाही.’’

मी हात वर करणारी मुलगी नव्हते. तास संपल्यावर मिसच्या टेबलाजवळ नुसती उभी राहिले. त्यांनी न विचारताच कपाटातलं एक पुस्तक काढून दिलं. ‘‘नाताळच्या सुट्टीत वाच. परत आण.’’

त्या किनाऱ्यावरचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा, हे पुस्तकात लिहिलंच होतं. खरं तर ते देवमासे आषाढ-श्रावणात येतात. पण मी ते पुस्तक संत्र्याच्या मळ्यात वाचलं, त्यामुळे माझ्या मनात ते कायमचे डिसेंबरातच येऊन बसले आहेत.

त्या सुट्टीत आबा फिरतीवर होते, म्हणून मी ताईच्या सासरी गेले. अमरावतीहून मोर्शीकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा मळा. संत्र्यांची झाडं, कडेनं वांगी, मेथी, शेवंती. माळ्यांचं मोठं खटलं. चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, मोटेवरचे सासरे, आणि सगळ्यांच्या वर ताईची सासू. तिला घरचे, कामाच्या बाया, बाजारातले अडते, सगळे मोठीमाय म्हणत. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. संत्रं हातात घेऊन ते आतून कसं आहे ते सांगे. माणसांचंही तसंच.

ताईला सातवा सरत आला होता. आदल्या वर्षी तिचं एक पोटातच गेलं होतं. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, आणि कोणी विसरतही नसे. ताई विहिरीकडं निघाली की चार आवाज उठत. ‘‘अवो, वाकू नका.’’ ‘‘घागर ठेवा थे.’’ तिनं ताटात भाकर उरवली की पंगतीतल्या सगळ्यांची नजर त्या तुकड्यावर. सगळ्यांना तिची काळजी होती, आणि त्या काळजीखाली ती दिवसेंदिवस वाळत चालली होती.

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्यात ओटी भरतात आणि पोरीला पाठवतात. पण मोठीमायनं ठरवून टाकलं होतं की ताई कुठंही जाणार नाही. मी आल्या दिवशीच तिनं मला ऐकवलं, ‘‘तुह्या घरी माय नाई. कोन करन बाळंतपन? तुहा बाप का तू?’’ यात दुष्टपणा नव्हता. खरंच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंतीच्या ताटव्यात आम्ही दोघीच होतो. ताई फुलं खुडत होती. मी म्हणाले, ‘‘इथंच बरं आहे नाही? माणसं आहेत.’’

ती खुडत राहिली. मग म्हणाली, ‘‘मले अकोल्याले जायचं हाय.’’

‘‘तिथं कोण आहे?’’

‘‘कोनी नाई. म्हनूनच.’’ तिनं हातातलं फूल ओच्यात टाकलं. ‘‘इथं सगळे माह्या पोटाकडं पाह्यतात. सकाळी उठलं की पहिले पोटाकडं, मंग तोंडाकडं. मले भेव वाटते. मी भ्याली की थे आतमधी गप्प होते. अकोल्याच्या घरात मी अंगनात बसली तं कोनी पाह्यत नाई. तिथं मले झोप लागते.’’

‘‘मग सांग ना मोठीमायला.’’

‘‘काय सांगू? तुमी लई जपता म्हनून जातो म्हनू?’’

ताईनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. पहिल्यांदा मागत होती, तेही माझ्याजवळ, जिच्या हातात काहीच नव्हतं.

आंब्या बहाराची, म्हणजे हिवाळ्यात पिकणारी, शेवटची संत्री तेव्हा उतरत होती. मळ्यात मोठ्या चिंचेखाली केशरी ढीग पडे. त्याच्याभोवती बाया गोल बसत आणि हातानंच निवड करत. मोठं एकीकडं, मधलं एकीकडं, बारीक आणि डागी वेगळं. मग टोपलीत वाळलं गवत, संत्र्यांचा थर, पुन्हा गवत. हात इतके सरावलेले की डोळे गप्पांत असत. मलाही एक जागा दिली होती. पण माझी मधली संत्री मोठ्यांत जायची, म्हणून तिसऱ्या दिवशी मला ‘‘तू बस नुसती’’ असं सांगण्यात आलं. मी पुस्तक उघडलं.

‘‘काय वं, काय वाचून राहिली?’’ मोठीमायनं ढिगाच्या पलीकडून विचारलं. ‘‘हातबी रिकामे, तोंडबी रिकामं. एक तरी चालू ठेव.’’

‘‘देवमाशांचं आहे,’’ मी म्हणाले.

‘‘मंग मोठ्यानं वाच. आमालेबी कळू दे, साहेबाचा देवमासा कसा असते थे.’’

बाया हसल्या. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पण मोठीमायला नाही म्हणायची सोय नव्हती. मी एक ओळ मनात वाचायची आणि तिचं चुकतमाकत मराठी करायची, असं सुरू केलं.

‘‘देवमासा हा मासा नाही.’’

‘‘घ्या!’’ कामाला आलेली गिरजा म्हणाली. ती पूर्णेकाठची, भोयांच्या घरची. मासे तिच्या घरचा विषय. ‘‘मासा नाई तं पान्यात कायले राह्यते थो?’’

‘‘तो अंडी घालत नाही. पिल्लाला जन्म देतो. मादी पिल्लाला अंगावर पाजते.’’

सगळ्यांचे हात एकदम हळू झाले.

‘‘पान्यात?’’ ‘‘दूध वाहून नाई जात?’’

मी पान उलटून पाहिलं. ‘‘दूध फार घट्ट असतं.’’

‘‘चिकावानी?’’

‘‘त्याहून घट्ट. पिल्लू रोज वाढताना दिसतं.’’

‘‘पोटात किती दिवस ठेवते?’’

‘‘जवळजवळ वर्ष. अकरा-साडेअकरा महिने.’’

‘‘माय वं! घोडीसारखं,’’ गिरजा म्हणाली.

‘‘जन्मतःच पिल्लू बैलगाडीएवढं लांब असतं.’’

‘‘धुरा धरून का धुरा सोडून?’’ मागून एकीनं विचारलं, आणि हसण्याचा असा लोट उठला की चिंचेवरचे पोपट उडाले. मीही हसले. वर्गात मी कधी कोणाला हसवलं नव्हतं.

मग मी त्यांना ते सगळं सांगितलं. बर्फाचा समुद्र, तिथलं भरपूर अन्न, आणि ते सोडून गरम किनाऱ्याकडं केलेला प्रवास. पिल्लाच्या अंगावर चरबी नसते, त्याला थंड पाणी सोसत नाही. त्याला श्वास घ्यायला सारखं वर यावं लागतं. खोल समुद्रातल्या मोठ्या लाटांत ते दमून जाईल. तिथं त्याला फाडून खाणारे शिकारी मासेही असतात. म्हणून आई किनारा गाठते. बेटांचा आडोसा, खाडीचं तोंड, वाळूचा उथळ तळ. एका अंगाला जमीन आली की तेवढी बाजू राखावी लागत नाही. आया पिल्लांना घेऊन नरांपासूनही दूर, आणखी उथळ पाण्यात सरकतात. तिथंच पिल्लू पोहायला शिकतं, श्वास धरायला शिकतं, आईच्या पाठीवर चढून घसरायला शिकतं.

‘‘बरोबर हाय,’’ गिरजा म्हणाली. आता ती माझ्या बाजूला आली होती. ‘‘आमच्या पूर्णेतबी पहिल्या पुराले मासे उलटे चढते. नदीतून नाल्यात, नाल्यातून पार वावराच्या बांधापावतर. ढोपरभर पानी नसते तिथं. तिथं गाबोळी सोडते. मोठ्या पान्यात राहाचं अन् लहान पान्यात व्याचं. सगळ्यायचं तेच हाय.’’

मिसच्या पुस्तकात पूर्णा नव्हती. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. आमच्या वऱ्हाडाला समुद्र नसला तरी देवमाशाचं गुपित या बायांना ढोपरभर पाण्यात सापडलं होतं.

मी पुढं वाचलं. ‘‘त्या गरम पाण्यात आईला खायला मिळत नाही. पिल्लू मोठं होईपर्यंत ती उपाशी राहते. अंगावरच्या चरबीवर दूध पाजते. परत जाते तेव्हा वाळलेली असते.’’

यावर जो गलका झाला तो मी विसरणार नाही.

‘‘उपाशी? बाळंतीन उपाशी?’’

‘‘लाडू नाई, खारीक नाई, काईच नाई?’’

‘‘अन् तिच्या माहेरचे काय करून राहिले मंग?’’ हे मोठीमायनं विचारलं, आणि इतक्या रागानं विचारलं की जणू त्या माहेरच्यांना ती आत्ता गाडी जुंपून जाब विचारायला निघणार होती.

मी पुस्तकात पाहिलं. तिथं पुढं पिल्लाच्या वजनाबद्दल लिहिलं होतं. मी पुस्तक मिटलं.

‘‘तिथं कोणी नसतं,’’ मी म्हणाले. ‘‘नुसतं पाणी असतं. उथळ, कोमट.’’

‘‘कोनी करनारं नाई, खाले नाई. मंग येवढ्या दूर कायले मरत जाते?’’

‘‘तिथं तिला भीती वाटत नाही.’’

हे पुस्तकात नव्हतं. ते माझ्या तोंडून निघालं आणि निघता निघता माझे डोळे ताईकडं गेले. ताई ढिगापाशी बसून मान खाली घालून गवत पसरत होती. तिचा हात थांबला होता. मी नजर फिरवली, पण मोठीमायच्या नजरेतून काही सुटत नसे. तिनं माझ्याकडं पाहिलं, ताईकडं पाहिलं, हातातलं संत्रं दोनदा फिरवलं आणि मोठ्यांच्या ढिगात टाकलं.

‘‘चला वं, हात चालवा,’’ ती म्हणाली. ‘‘देवमाशापायी गाडी चुकन.’’

दोन दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी ताईचं नुकसान केलं असं मला वाटलं. चारचौघींत सासूला शिकवायला गेले, असा त्याचा अर्थ कोणीही काढला असता.

तिसऱ्या सकाळी माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं गेलं. ‘‘ऊठ. चूल पेटव.’’

त्या दिवसापासून सुट्टी संपेपर्यंत मोठीमायनं मला सोडलं नाही. बाळंतिणीच्या न्हाणीचं पाणी किती कढत हवं ते तिनं माझ्या कोपरावर पाणी ओतून शिकवलं. डिंक तुपात कसा फुलवायचा ते दाखवलं. पहिल्या खेपेला माझा डिंक जळला. दुसऱ्या खेपेला आतून कच्चा राहिला. ‘‘इंग्रजी शाळेत पोट भराचं शिकवत नाई का?’’ असं तिनं साऱ्या घरासमोर विचारलं. बाजेखालची शेगडी किती अंतरावर, धूप किती, ओवा किती. शेजारच्या मळ्यात महिन्याभराचं एक तान्हं होतं. मला तिथं नेऊन तिनं त्याला पायांवर घ्यायला लावलं. तेलानं निसटणारा तो इवलासा जीव माझ्या पायांवर आला आणि माझे गुडघे थरथरू लागले.

‘‘पाय थरथरले तं लेकरू रडन,’’ मोठीमाय म्हणाली. ‘‘त्याले सगळं समजते.’’

मी पाय घट्ट केले. लेकरू रडलं नाही.

एकदाही ती म्हणाली नाही की हे सगळं कशासाठी. मीही विचारलं नाही. आम्हा दोघींत तेवढं एक साम्य होतं.

सुट्टीच्या शेवटी तिनं ताईला पाटावर बसवलं, ओटी भरली आणि ताईच्या नवऱ्याला सांगितलं, ‘‘गाडी जुंप. बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडून दे दोघी बहिनीयले.’’ मग माझ्याकडं वळून म्हणाली, ‘‘माही सून तुह्या भरोशावर देऊन राहिली. बापाच्या नाई.’’

ताई गाडीत चढेपर्यंत रडली नाही. मळ्याचं वळण मागं पडल्यावर रडली, आणि आगगाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती.

त्या वर्षी मॅट्रिकची परीक्षा होती. ताईचे दिवस आणि माझे पेपर एकाच सुमाराला येत होते. यंदा परीक्षेला बसत नाही असं मी मिसना पत्रानं कळवलं आणि पुस्तक पोस्टानं परत केलं. त्यांनी उलट टपाली लिहिलं की मी वाचलेलं मला नीट समजलेलं दिसतं. आबांना मात्र कसं सांगावं ते कळेना. माझ्या शाळेसाठी त्यांनी काय काय सोसलं होतं! ते दौऱ्यावरून आले, चप्पल काढता काढता सगळं ऐकलं आणि म्हणाले, ‘‘परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा येते बेटा. हे नाही येणार.’’ मग आत जाऊन ताईला विचारलं, ‘‘तुझी बाज कुठं टाकू?’’ तिनं अंगणाकडंच्या खोलीत दाखवली. त्यांनी टाकली, आणि त्यानंतर त्या खोलीकडं कोणी टक लावून पाहिलं नाही.

अकोल्याचे ते दोन महिने फार शांत होते. कापसाचा हंगाम भरात होता. सरकी काढणाऱ्या जिनाचा भोंगा व्हायचा, रस्त्यानं कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, आणि हवेत उडालेले पुंजके आमच्या अंगणात येऊन बसायचे. ताई उन्हात पाय पसरून बसे. मी तिला भाकर वाढे आणि उरली तरी काही बोलत नसे. पंधरा दिवसांत ती उरेनाशी झाली. एका दुपारी ती तुरीच्या शेंगा सोलता सोलता एकदम हसली. ‘‘अवो, लाथा मारून राहिलं हे. आतमधी पोहून राहिलं का काय?’’ मी तिच्या पोटावर हात ठेवला. इतकं जवळून मी समुद्र पुन्हा कधी ऐकला नाही.

फाल्गुन लागता लागता एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. गल्लीतल्या फातिमाबी दाई आल्या. त्यांनी अर्ध्या अकोल्याला जन्माला घातलं होतं. त्या बुरखा खुंटीला टांगून, बाह्या सारून बसल्या. ‘‘घर में बडी औरत कौन है?’’

‘‘मी,’’ मी म्हणाले.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘‘चलो, यही सही. पानी रखो. और बेटी, रोना है तो बाद में, फुरसत से.’’

मी रडले नाही. पाणी कोपरावर पाहून आणलं. ताईच्या पाठीशी बसले, तिचं सगळं ओझं अंगावर घेतलं. ती ओरडली, पण घाबरली नव्हती. दोन्हीतला फरक त्या दिवशी मला कळला. दुपारच्या भोंग्याच्या आधी मुलगी झाली. क्षणभर तिनं श्वास घेतला नाही. फातिमाबींनी तिला पालथं करून पाठीवर थापटलं, आणि मग तो पहिला श्वास आला. इतक्या लहान अंगातून इतका मोठा आवाज! अंगणात आबा दोन्ही हात जोडून भिंतीकडं तोंड करून उभे होते.

पाचव्या दिवशी मोठीमाय आली. स्टेशनावरून पायी, डोक्यावर संत्र्यांची टोपली. पाय धुतले, शेकले आणि तपासणीला लागली. ताईच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. लेकराची पाठ, मांड्या, नाळेची जागा पाहिली. स्वयंपाकघरात जाऊन डब्याचं झाकण उघडलं, लाडू फोडला, चावला.

‘‘कडक झाले,’’ ती म्हणाली.

मी मान खाली घातली. ती आणखी एक घेऊन खात खात बाहेर गेली. बाहेर गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. तिथं तिचा आवाज आला. ‘‘पाह्यता काय? बिनमायच्या माहेरी बाळंत झाली माही सून. येवढ्याशा पोरीनं केलं सारं. शाळेची हाय म्हना. पन हात घरचा हाय.’’

मी चुलीपुढंच बसून राहिले. मॅट्रिक मी पुढल्या वर्षी झाले, चांगल्या मार्कांनी झाले, आबांनी पेढे वाटले. पण ‘हात घरचा हाय’ याच्या तोडीचं प्रशस्तिपत्र मला त्यानंतर मिळालेलं नाही.

आता मी अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शिकवते. भूगोल शिकवताना निळ्या भागावर जरा जास्त वेळ थांबते. ताईची मुलगी पाच वर्षांची झाली. तिला पाण्याची अजिबात भीती नाही. विहिरीच्या काठावरून तिला ओढून आणावं लागतं.

यंदाही मी सुट्टीत मळ्यात गेले होते. संत्र्यांचा ढीग, गोल बसलेल्या बाया. मला आता निवडीला बसू देतात. धाकटी सून गंगू बसली होती, तिला सहावा सरून सातवा लागलेला. तिचं माहेर दर्यापूरचं. धडधाकट आई, दोन काकवा, मावशी. आदल्याच आठवड्यात तिची आई येऊन न्यायचा दिवस ठरवून गेली होती. न पाठवण्याचं काही कारणच नव्हतं. तरी मोठीमायनं संत्रं निवडता निवडता, वर न पाहता तिला विचारलं, ‘‘तुले कुठं बरं वाटते वं, बाळंत व्हाले?’’

ताईच्या वेळी हा प्रश्न या मळ्यात कोणी विचारला नव्हता. आता मोठीमाय तो विचारते, आणि असा विचारते की जणू तो तिच्या सासूच्या सासूपासून चालत आला आहे.

गंगूनं पदर बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, ‘‘इथंच.’’

‘‘काय?’’

‘‘इथंच बरं वाटते मले. तुमच्यापाशी.’’

बायांचे हात थांबले. मोठीमायच्या हातातलं संत्रं हातातच राहिलं. ‘‘येडी का काय तू?’’ ती म्हणाली. ‘‘माय जित्ती हाय तुही. लोक काय म्हनतीन?’’ गंगूनं आपलं म्हणणं मागं घेतलं नाही.

मोठीमाय उठली. कंबरेला हात लावून सरळ झाली, पदर सारखा केला, आणि काही काम आठवल्यासारखी झाडांमधून विहिरीकडं चालू लागली. तिकडं ताईचे सासरे मोट हाकत होते. आम्हाला ती दिसेनाशी झाली, पण आवाज येत होता.

‘‘ऐकलं का? थे गंगू म्हनते, इथंच.’’

मोटेच्या चाकाची करकर थांबली. ‘‘काय म्हनते?’’ त्यांनी विचारलं.

मोठीमायनं पुन्हा सांगितलं. त्यांना पहिल्या वेळीच ऐकू गेलं असणार. पण या वेळी तिनं ते शेजारच्या मळ्यापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं.